फांदीच्या गळाचा पुरावा कुठे शोधाल?

फांदीला दोरी बांधायची, गळ रात्रभर नदीत सोडायचा. मिशांनी चाचपत खाणं शोधणारा शिंगाळा लागला, की लवचिक फांदीच त्याला दमवते. आता याचा इतिहास लिहायचाय म्हणा. असल्या गळाचा हिशेब कोण ठेवतो?

मग माशांची शास्त्रीय नावं वाचा. कंपनीच्या लष्करातल्या विल्यम सायक्सने १८३९मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली. पुण्याच्या मुळा-मुठेतलेही मासे त्यात आहेत. ‘सींघाला’, ‘सींगटी’. लॅटिन वाटतं? मोठ्याने म्हणून बघा: शिंगाळा, शिंगटी! गळाचा नाही, पण तो टाकणाऱ्यांच्या भाषेचा पुरावा हाती लागला. नावामागे मात्र, नियमानुसार, ‘सायक्स, १८३९’ असंच लागतं. हे शब्द त्याला कुणी सांगितले असतील? मी सध्या इथेच अडलोय.