माडीच्या खिडक्या आणि शिडीची निवड

आपल्या घराण्यांचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी सनदांकडे, वतनांकडे आणि वाड्यांच्या सागवानी खांबांकडे वळते. ज्या शिडीवर चढून त्या वाड्यांच्या माडीच्या खिडक्या वर्षानुवर्षे पुसल्या गेल्या, तिची नोंद मात्र कोठे सापडत नाही. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु आमच्या घरी या क्षुल्लकतेची किंमत एका माणसाने मोजली आहे, म्हणून तो मांडण्याचे आम्ही योजिले.

घटस्थापनेपूर्वी वाडा झाडून-पुसून काढण्याची रीत आदिलाबादच्या आपल्या घरांतून अद्याप टिकून आहे. पावसाळाभर फुगलेल्या लाकडी झडपा, गजांवर चढलेला गंज, चौकटीच्या कोपऱ्यांतील जळमटे आणि पुढे काचेची तावदाने आली तेव्हा त्यांवरील धूळ, असे हे काम असे. आतील बाजू घरातील स्त्रिया उरकीत. परंतु झडपा बाहेर उघडणाऱ्या आणि मध्ये लोखंडी गज. त्यामुळे बाहेरचे अंग आतून हात घालून पुसता येत नसे. त्यासाठी अंगणातून शिडी लावावी लागे, आणि तीवर चढे तो रोजाने लावलेला गडी.

शिडीला जुना मराठी शब्द निसण. तेलुगूत तिला निच्चेन म्हणतात. दोन्ही शब्द संस्कृत निःश्रेणीपासून आलेले. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले आणि आपली घरे पैनगंगेच्या अलीकडे आंध्र प्रदेशात राहिली. २०१४ मध्ये तेलंगणा झाले, २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. या साऱ्या उलथापालथीत बाजारात निच्चेन मागणारा आणि घरी शिडी म्हणणारा माणूस एकच राहिला.

शिडीचा बांबू आपल्याच जंगलातला. येथे मुख्यतः मिळतो तो मानवेल, जवळजवळ भरीव आणि चिवट. कटांग अधिक जाड, पण आतून पोकळ. बुरूड, ज्यांना येथे मेदरी म्हणतात, ते शिडीसाठी मानवेलच पसंत करीत. १९३८ साली स्थापन झालेल्या सिरपूर कागद कारखान्यालाही हाच बांबू लागे. कारखाना २०१४ मध्ये बंद पडला आणि २०१८ मध्ये नव्या मालकीखाली पुन्हा उभा राहिला.

जुन्या माणसांपाशी शिडी पारखण्याचे ज्ञान नव्हते असे नाही. बांबू तीन वर्षांचा तरी जून असावा. पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडलेला असावा, म्हणजे त्यात कीड कमी लागते. तो सावलीत वाळवलेला असावा. पायरीचे भोक गाठीजवळ पाडावे, दोन गाठींच्या मधोमध पाडल्यास बांबू तेथे उभा चिरतो. लहान छिद्रांतून पिठासारखी भुकटी गळू लागली की ती शिडी सरपणात टाकावी. हे सर्व ठाऊक असूनही शिडी विकत घेताना जेवढी पाहिली जाई, तेवढी पुढे कधी पाहिली जात नसे. वर्षभर ती परसात भिंतीला टेकून भिजे आणि वाळे.

१९७१ च्या नवरात्राआधी आमच्या वाड्यात हेच घडले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. ज्यांना आम्ही मुले दादा म्हणत असू, ते आमचे गडी माडीची पूर्वेकडील खिडकी पुसावयास चढले. अंगण नुकतेच सारवलेले, ओले. शिडीचा पाय सरकला, तिचा भार वाकडा पडला आणि किडलेल्या भोकापाशी एक पायरी निसटली. दादा दहा-बारा फुटांवरून पडले. मांडीचे हाड मोडले. ते सांधले, पण पाय आखूड झाला आणि त्यांची शेतातली मजुरी कायमची सुटली. आमच्या वडीलधाऱ्यांनी औषधपाण्याचा खर्च केला, वर्षभराची ज्वारी दिली आणि कर्तव्य झाले असे मानले. पुढे घरचा रोजमेळ चाळताना त्या तारखेस दादांच्या मजुरीची नोंद आम्हांस आढळली. त्यांच्या पडण्याची नाही.

शासकीय सेवेत असताना आम्हांस कळले की कायद्याची वहीदेखील आमच्या रोजमेळासारखीच होती. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातील कामगाराच्या व्याख्येतून, मालकाच्या धंद्याखेरीज इतर कामासाठी तात्पुरता लावलेला माणूस वगळलेला होता. घराच्या खिडक्या पुसण्यास एक दिवस बोलावलेला मजूर त्यामुळे कायद्याच्या बाहेर उभा राही. ही अट २००० सालच्या दुरुस्तीने काढण्यात आली. दादांना तिचा उपयोग नव्हता.

आज शिडी निवडणे सोपे झाले आहे. भारतीय मानक ३६९६ चा दुसरा भाग (१९९१) शिड्यांच्या सुरक्षिततेविषयीच आहे. जगभर मानला जाणारा नियम असा की, चार हात उंचीला पाय भिंतीपासून एक हात दूर असावा. बारा फुटांवर टेकणाऱ्या शिडीचा पाय तीन फुटांवर. जमीन कोरडी व सपाट हवी आणि खाली धरणारा एक माणूस हवा. वरचे टोक खिडकीशेजारच्या पक्क्या भिंतीवर टेकावे, झडपेवर किंवा तावदानावर कदापि नाही. अंगणावरून विजेची तार गेली असेल तर अ‍ॅल्युमिनियमची शिडी आणू नये. ओला बांबूही वीज वाहतो हे विसरू नये. तेथे कोरडी, स्वच्छ फायबरग्लासची शिडी बरी. लांब दांड्याच्या पुसणीने जमिनीवरूनच काम होत असेल तर सर्वांत उत्तम.

तरीही खरा प्रश्न शिडीच्या जातीचा नाही. भांडे घेताना आपण ते वाजवून पाहतो, कारण ते आपल्या घरात राहणार असते. शिडीवर दुसऱ्याचा जीव चढणार असतो, म्हणून ती पाहावयाची राहते. आपल्या मंडळातील अनेक कुटुंबे आज घराण्यांचे इतिहास संकलित करीत आहेत. त्यांस आमची एवढीच विनंती की, त्यात आपल्या खिडक्या पुसणाऱ्यांसाठीही एखादे पान राखावे. आमच्या घरच्या हस्तलिखितात ते पान आम्ही लिहिले आहे. त्यावर दादांचे पूर्ण नाव आणि १९७१ हे साल आहे. परसातली शिडी आता आम्ही छपराखाली आडवी ठेवतो, आणि दर वर्षी घटस्थापनेच्या आठवडाभर आधी तिची एकेक पायरी स्वतः तपासतो.