ला-गुग

ला-गुग : माणसाला सोडून गेलेला ‘ला’ परत बोलावण्याचा तिबेटी विधी. ‘ला’ला सोयीसाठी आत्मा म्हणतात, पण तो उपनिषदांतला अविनाशी आत्मा नव्हे. तो जिवंतपणीच हरवू शकतो. जबर भीती बसली किंवा एखाद्या दुष्ट शक्तीने त्याला पळवले, की माणूस निस्तेज होतो, आजार हटत नाही. प्राण (सोक) आणि आयुष्य (त्से) यांहून ‘ला’ वेगळा मानला जातो.

तिबेटी वैद्यकानुसार ‘ला’ चंद्रकलेबरोबर अंगात फिरतो. तो त्या दिवशी जिथे असेल तिथे रक्त काढायचे नाही किंवा डागायचे नाही. शरीराबाहेरही त्याची ठाणी असतात: तलाव, डोंगर, झाड, जनावर, पिरोजा. तिबेटी गेसर महाकाव्यात उत्तरेच्या राक्षसाला मारण्याआधी त्याचा ला-तलाव आटवावा लागतो, ला-वृक्ष तोडावा लागतो. ल्हासाच्या आग्नेयेकडचा ल्हामो लात्सो हा पाल्देन ल्हामो देवीचा ला-तलाव. तेराव्या दलाई लामांच्या निधनानंतर, १९३५ मध्ये, राजप्रतिनिधी रेटिंग रिन्पोचे वारसाची खूण शोधायला तिथेच गेले होते.

विधीत ‘ला’ला नावाने हाक मारतात आणि पळवणाऱ्याला मोबदला म्हणून रोग्याची प्रतिमा देऊ करतात. लोणी किंवा सातूच्या पिठाची मेंढी पाण्यात तरंगत ठेवतात. तिचे तोंड कुठे वळते यावरून ‘ला’ परतला की नाही ते ठरवतात. परतलेल्या ‘ला’साठी रोग्याला पिरोजा घालतात. अभ्यासक समतेन कर्माय यांनी या विधीवर महत्त्वाचे लेखन केले आहे.

हे सारे बौद्ध अनात्मवादात कसे बसते? तत्त्वतः बसत नाही. ही कल्पना बौद्ध धर्माआधीची. तिबेटच्या बोन परंपरेतही ती आहे. लामांनी ती मोडली नाही, आपल्या पूजापाठात सामावून घेतली. मृत्यूनंतर ४९ दिवसांपर्यंतच्या बार्दोतून, म्हणजे मृत्यू आणि पुनर्जन्म यांमधल्या अवस्थेतून, जाते ते मात्र विज्ञान म्हणजे जाणीव (नामशे), ‘ला’ नव्हे. डॉ. आंबेडकरांचे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचून आत्मा नाकारणाऱ्या विदर्भातल्या बौद्ध वाचकाला हा फरक माहीत हवा, कारण तिबेटी बौद्ध त्याचे शेजारी आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ची. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत ती भंडारा जिल्ह्यात होती.