टर्बोची गोष्ट आणि आपला कारखान्यांचा पट्टा



स्मरणिकेसाठी लिहायचा निरोप आला तेव्हा मी विषय विचारला. संपादक मंडळाचं उत्तर आलं, "त्या गाडीबद्दल लिही. ग्रुपवर सगळे तेच विचारतात." तर ती गाडी म्हणजे २०१३ सालची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. पुनावळे गावठाणात सासरच्या जुन्या घरामागे एक गोठा आहे. गुरं कधीच गेली. तिथे गेलं दीड वर्ष शनिवार-रविवार मी या गाडीचं इंजिन उतरवून, खोलून, पुन्हा बांधत होते. दिवसा मी सॉफ्टवेअर लिहिते, तेही गाड्यांच्या इंजिनांवरच्या कॉम्प्युटरचं. "गॅरेजला का नाही टाकलीस?" या प्रश्नाचं उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल, आणि तो बराचसा आपल्याच परिसराचा आहे.

आधी टर्बो म्हणजे काय ते. इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा तयार होणाऱ्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो. आल्फ्रेड ब्युची नावाच्या स्विस इंजिनिअरला ही उधळपट्टी खटकली. त्याने १९०५ साली पेटंट घेतलं. कल्पना सोपी होती. बाहेर जाणाऱ्या धुराच्या वाटेत एक चक्र बसवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र लावायचं आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जाळता येतं, आणि इंजिन आहे तेवढंच राहून जास्त काम करतं. कल्पना सोपी असली तरी धातू आणि बेअरिंग त्या लायकीचे व्हायला वेळ लागला. १९२० च्या दशकात टर्बो जहाजांच्या डिझेल इंजिनांवर बसला. मोटारीत यायला १९६२ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या दोन गाड्या टर्बो लावून बाजारात आल्या. जेटफायरमध्ये पाणी आणि मिथेनॉलचं एक मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे. लोक ते भरायला विसरत. गाडी फार काळ चालली नाही.

१९६२ हे साल लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी आपल्याकडेही दोन गोष्टी घडल्या. ऑगस्टमध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. पिंपरीत १९५४ ची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स होती, पण पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डीच्या माळरानावर कारखान्यांची रांग लागली ती या नंतरच्या वर्षांत. टर्बो आपल्याकडे आला तो शर्यतीच्या गाडीतून नव्हे, डिझेलमधून. जनरेटर, कॉम्प्रेसर, रोड रोलर, ट्रक हे त्याचं पहिलं घर. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या वडिलांनी टर्बो पाहिला असेल तो असा, तेलकट आणि शिट्टी वाजवणारा. त्याला 'परफॉर्मन्स' वगैरे म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नसेल.

मग टेल्को. सुमंत मुळगावकरांनी १९६६ च्या सुमारास पुण्याचा कारखाना उभा करायला घेतला तेव्हा पहिल्यांदा ट्रक बनवले नाहीत. आधी यंत्रं बनवणारी यंत्रं, डाय, जिग, फिक्श्चर आणि ती हाताळणारी माणसं तयार केली. पुण्यातून पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं ते १९७७ साली. मधली दहा-अकरा वर्षं अप्रेंटिस मुलं फाइल घासत, मायक्रोमीटर वाचत आणि ड्रॉइंग समजून घेत होती. आज कुठला व्यवस्थापक इतका धीर धरेल असं वाटत नाही. त्याच काळात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी संस्था उभी राहिली. पुण्यात गाडी बनवायची, तपासायची आणि दुरुस्त करायची, अशी तिन्ही कामं जाणणारी माणसं एका पिढीत तयार झाली.

यातलंच एक पान आम्हा मुलींसाठी महत्त्वाचं आहे. टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं लिहिलेलं वाचून सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. त्यांना मुलाखतीला बोलावणं आलं आणि १९७४ साली त्या पुण्यात रुजू झाल्या. शॉप फ्लोअरवरच्या त्या तिथल्या पहिल्या स्त्री इंजिनिअर. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण मला त्यातलं कार्ड नाही, शॉप फ्लोअर महत्त्वाचा वाटतो. ऑफिसात बसणाऱ्या इंजिनिअर बायका पुढे पुष्कळ झाल्या. हातात पाना घेतलेली बाई दिसली की आजही लोक थबकतात. पुनावळ्यात पहिले काही महिने येणारे-जाणारे गोठ्यात डोकावून विचारायचे, "मिस्त्री कुठे गेला?"

आपण १९९७ ला दहावी झालो, त्याच वर्षी पुनावळे आसपासच्या गावांबरोबर महापालिकेत आलं. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत इंडिका दाखवली गेली. ती बनवण्यासाठी टाटांनी निस्सानचा ऑस्ट्रेलियातला बंद पडलेला कारखाना विकत घेतला, नट-बोल्टासकट उतरवून जहाजाने आणला आणि पुण्यात पुन्हा उभा केला. दुसऱ्याने टाकून दिलेलं घेऊन त्यातून नवीन ताकद काढायची, हे तर टर्बोचंच काम. १९९८ लाच सफारी आली, टर्बो डिझेल घेऊन. त्याआधीच्या सुमोचं नाव सुमंत मुळगावकरांवरून पडलं हे बऱ्याच जणांना ठाऊक असेलच.

नंतरचं केंद्र चाकणकडे सरकलं. मार्च २००९ मध्ये फोक्सवॅगनच्या चाकणच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, २०१० ला पोलो आली, आणि २०१३ ला जीटी टीएसआय. इंजिन ११९७ सीसी, ताकद १०५ पीएस, टॉर्क १७५ न्यूटन-मीटर. आपल्या लहानपणीची प्रीमियर पद्मिनी आठवा. तिचं इंजिन १०८९ सीसीचं आणि ताकद चाळीसच्या आसपास. जवळपास तेवढ्याच घागरीतून अडीच पट पाणी. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ ला पुंटो अबार्थ आली, १४५ पीएसची. पुण्याच्या दोन बाजूंना मध्यमवर्गीयाला जेमतेम परवडतील अशा दोन वेगवान टर्बो गाड्या बनत होत्या. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-६ लागू झालं, जुनी इंजिनं गेली, आणि २०२२ मध्ये पोलोचं उत्पादनही थांबलं.

आता माझ्या गाडीकडे येते. ती मी घेतली तेव्हा सव्वा लाख किलोमीटर चाललेली होती आणि आधीच्या मालकाने ऑइल बदलण्यात कंजुषी केली होती. टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या घरात फिरू शकतो. घरातला पंखा साडेतीनशेच्या आसपास फिरतो. एका बाजूला नऊशे अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूला साधी हवा, आणि मधला दांडा तरंगतो तो केवळ ऑइलच्या पातळ थरावर. ते ऑइल काळं, जाड झालं की दांडा बेअरिंग खायला लागतो. डायल गेज लावून पाहिलं, दांडा हलत होता. कॉम्प्रेशन तपासलं तर चारपैकी एका सिलेंडरचं कमी. म्हणजे इंजिन खोलायलाच हवं होतं.

सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, टूल रूममधून निवृत्त झालेले फिटर. त्यांनी टर्बो कधी खोलला नव्हता, पण खोलायचं कसं हे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला पाना हातात घेऊ दिला नाही. "आधी लिहून काढ, सूनबाई. काढायला काय, लहान पोरंही काढतात. जागेवर बसवता आलं पाहिजे." म्हणून प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर क्रमांक, वहीत चित्र. हेडची सपाटी त्यांनी पोलादी पट्टी आणि फीलर गेज घेऊन तपासली. पाच शतांश मिलिमीटरची पात सहज आत गेली, म्हणून हेड भोसरीला फेस मारायला गेलं. या इंजिनात पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर ते पडतच नाही आणि काजळी धुतली जात नाही. चार व्हॉल्व्हची भोकं साफ करायला एक पूर्ण रविवार गेला. नवीन रिंगांची फट सिलेंडरमध्ये बसवून मोजली. हेडचे बोल्ट नवे घेतले, कारण ते घट्ट करताना मुद्दाम ताणले जातात आणि पुन्हा वापरायचे नसतात. टर्बोचा मधला गाभा बदलला. इंजिन चालू करण्याआधी टर्बोच्या ऑइलच्या वाटेत हाताने ऑइल भरलं आणि ठिणगी बंद ठेवून इंजिन नुसतं फिरवलं, दाब येईपर्यंत. कोरडा टर्बो काही सेकंदांत मरतो.

सांगायचं हे की घरी इंजिन बांधलं असं आपण म्हणतो तेव्हा ते एकट्याने बांधलेलं नसतं. भोसरीत फेस मारून मिळतो, बॅलन्सिंग होतं, हव्या त्या मापाची बुशिंग लेथवर काढून मिळते, आणि तेही दुचाकीवर नेऊन आणण्याच्या अंतरावर. मोठ्या कारखान्यांनी साठ वर्षांत भोवती हे विणलं. दुसऱ्या कुठल्या शहरात राहत असते तर मी ही गाडी भंगारात दिली असती.

राहिला प्रश्न ताकद वाढवण्याचा. मित्रांनी सगळ्यात जास्त हाच विचारला: "तू तर त्या कॉम्प्युटरचंच काम करतेस, मग मॅप बदलून टाक ना!" आजच्या टर्बो इंजिनात किती दाब द्यायचा, ठिणगी कधी टाकायची, हे कोष्टकांत लिहिलेलं असतं. आकडे बदलले की ताकद वाढते, हे खरं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने नोंदवलेल्या रचनेत फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायद्याखेरीज दुसरंही कारण आहे. कोष्टकात जी जागा रिकामी ठेवलेली दिसते, ती आळसाने ठेवलेली नसते. मराठवाड्यातला मे महिना, तालुक्याच्या पंपावरचं पेट्रोल, घाटात पूर्ण भरलेली गाडी, हे सगळं धरून कुणीतरी ती राखून ठेवलेली असते. मी तीच कोष्टकं भरणाऱ्यांपैकी आहे. दुसऱ्याने राखलेली शिल्लक खर्चून टाकायला माझं मन घेत नाही.

म्हणून सुधारणा केल्या त्या कंपनीच्या मापातच: चांगले ब्रेक पॅड, नवं ब्रेक ऑइल, मंजूर मापाचे पण उत्तम टायर, कूलंटचे सगळे नवे पाइप. आणि माझ्या धंद्याला शोभेल अशी एक गोष्ट: गाडीच्या कॉम्प्युटरकडून दाब, तापमान आणि ठिणगीच्या वेळा वाचून नोंदवणारं एक छोटं यंत्र. ते काही बदलत नाही, फक्त लिहून ठेवतं. खोलण्याआधी खंडाळ्याच्या घाटात पुरता दाब यायला २,५०० फेऱ्यांच्या पुढे जावं लागे. आता १,६०० लाच येतो. आप्पांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि विचारलं, "गेज तपासून घेतलंस ना?"

या आप्पांच्या कपाटात अप्रेंटिसच्या काळापासूनच्या अकरा वह्या आहेत. पेन्सिलीने काढलेले जिग, मापं, कुठल्या पोलादाला किती ताव द्यायचा याची टिपणं. मध्यंतरी घर आवरताना त्या रद्दीत निघाल्या होत्या. आपल्या बॅचमधल्या निम्म्या घरांत अशा वह्या असतील किंवा होत्या. कारखान्यांचा इतिहास कंपन्या लिहितील, पुतळे आणि तारखांसकट. हातांचा इतिहास कोण लिहिणार? तो आपल्याच माळ्यांवर पडलेला आहे, आणि तो सांगू शकणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

म्हणून दोन विनंत्या. एक, वडिलांच्या किंवा काकांच्या अशा वह्या, ड्रॉइंग, अप्रेंटिसशिपचे दाखले असतील तर रद्दीत देऊ नका. मेळाव्याला घेऊन या. मी स्कॅनर आणते, मूळ वही तुमच्याकडेच राहील. दुसरी विनंती सर आणि बाईंना. माझ्या गाडीतून निघालेला जुना टर्बो साफ करून ठेवला आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याला जागा मिळाली तर मुलांना तो पुन्हा पुन्हा खोलता आणि बसवता येईल. हलणारा दांडा त्यांनी स्वतःच्या बोटांनी हलवून पाहिला पाहिजे. किती हलतो ते मोजायला डायल गेजही मी देईन.