हिल, सर ऑस्टिन ब्रॅडफर्ड

(८ जुलै १८९७ – १८ एप्रिल १९९१). इंग्रज वैद्यकीय सांख्यिकीविज्ञ व साथरोगवैज्ञानिक. औषधाचा गुण पारखण्यासाठी रुग्णांची यादृच्छिक विभागणी करण्याची पद्धत चिकित्सा-परीक्षणांत रूढ करण्याचे आणि धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध प्रस्थापित करण्याचे कार्य मुख्यत्वे त्यांच्या नावाशी निगडित आहे.

त्यांचा जन्म लंडन येथे झाला. वडील लेनर्ड हिल हे नामवंत शरीरक्रियावैज्ञानिक होते. स्वतः डॉक्टर व्हावे, अशी ऑस्टिन यांची इच्छा होती. परंतु पहिल्या महायुद्धात नौदलाच्या हवाई विभागात वैमानिक असताना १९१७ मध्ये त्यांना फुप्फुसाचा क्षयरोग जडला. ते जगतील अशी आशा वैद्यांना फारशी नव्हती. त्यांची उमेदीची काही वर्षे रुग्णालयात व विश्रांतीत गेली. वैद्यकाचे शिक्षण अशक्य झाल्याने त्यांनी घरीच अभ्यास करून १९२२ मध्ये लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी संपादन केली. पुढे वडिलांचे स्नेही मेजर ग्रीनवुड (यांतील ‘मेजर’ हे नावच आहे, हुद्दा नव्हे) यांनी त्यांना मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या कामात आणले. कार्ल पीअर्सन यांची व्याख्याने ऐकून ते सांख्यिकी शिकले. १९३३ मध्ये लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत ते प्रपाठक झाले व १९४५ मध्ये ग्रीनवुड यांच्या जागी प्राध्यापक म्हणून नेमले गेले. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले.

१९३७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या साप्ताहिकात त्यांनी लिहिलेली लेखमाला त्याच वर्षी ‘प्रिन्सिपल्स ऑफ मेडिकल स्टॅटिस्टिक्स’ या नावाने ग्रंथरूपात आली. गणिताला बिचकणाऱ्या डॉक्टरांसाठी ती लिहिलेली असल्याने तीत सूत्रे थोडी व उदाहरणे पुष्कळ आहेत. रुग्ण आळीपाळीने दोन गटांत घालावेत, एवढेच तीत सुचविले होते. यादृच्छिक अंकांचा उल्लेख केल्यास डॉक्टर बुजतील म्हणून तो आपण हेतुतः टाळला, असे हिल यांनी उतारवयात नमूद केले आहे.

यादृच्छिक विभागणीचे तत्त्व आर्. ए. फिशर यांनी १९२०–३० या दशकात शेतीच्या प्रयोगांसाठी मांडले होते. शेतातील वाफ्यांना लागू पडणारे तत्त्व माणसांना लावणे मात्र सोपे नव्हते. स्ट्रेप्टोमायसीनने तशी संधी दिली. हे प्रतिजैव औषध १९४३ मध्ये अमेरिकेत शोधले गेले. महायुद्धोत्तर ब्रिटनमध्ये डॉलरची टंचाई असल्याने ते फार थोडे मिळत होते. क्षयावर तोपर्यंत सुवर्णक्षारांसारखे उपचार खात्रीलायक पुराव्यावाचून वर्षानुवर्षे चालत आले होते. औषध सर्वांना पुरणारे नाहीच, तर जे आहे त्यातून निर्णायक उत्तर मिळविले पाहिजे. तसे न करणेच अनैतिक ठरेल, अशी हिल यांची भूमिका होती.

परीक्षणासाठी दोन्ही फुप्फुसांना तीव्र क्षय झालेले १०७ तरुण रुग्ण निवडण्यात आले. पैकी ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसीन व पूर्ण विश्रांती, तर ५२ जणांना केवळ विश्रांती देण्यात आली. रुग्णाची निवड पक्की झाल्यावरच मध्यवर्ती कार्यालयात क्रमांकित लखोटा उघडला जाई व आतील चिठ्ठीवरून त्याचा गट ठरे. त्यामुळे पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांना आधी कळत नसे आणि आवडीनिवडीला वाव उरत नसे. या परीक्षणाचे खरे मर्म अंकांच्या कोष्टकापेक्षा या बंद लखोट्यात आहे. क्ष-किरण चित्रे पाहणाऱ्या तज्ञांनाही रुग्णाचा गट माहीत नसे. दिवसातून चार वेळा, चार महिने चालणारी इंजेक्शने वेदनादायक असल्याने दुसऱ्या गटाला खोटी इंजेक्शने दिली नाहीत. त्या गटातील रुग्णांना आपण परीक्षणात आहोत याची कल्पनाही दिली नव्हती. १९६४ च्या हेल्सिंकी घोषणापत्रानंतर ही गोष्ट मान्य होण्यासारखी राहिली नाही.

ऑक्टोबर १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार सहा महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ४, तर विश्रांती गटातील १४ रुग्ण दगावले. औषधाचा गुण सिद्ध झाला. पण त्याची मर्यादाही याच परीक्षणात उघड झाली. अनेक रुग्णांतील जंतू औषधाला दाद देईनासे झाले आणि पुढील वर्षांत दोन्ही गटांतील मृत्युप्रमाणातले अंतर बरेच कमी झाले. स्ट्रेप्टोमायसीनबरोबर पॅरा-ॲमिनोसॅलिसिलिक अम्ल दिल्यास हा प्रतिरोध पुष्कळ टळतो, हे दुसऱ्या परीक्षणाने १९५० मध्ये दाखविले. संयुक्त औषधोपचाराची परंपरा तेथून सुरू झाली. मद्रास येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या केंद्राने याच यादृच्छिक पद्धतीने घरगुती उपचार व आरोग्यधामातील उपचार यांची तुलना केली. औषधे नियमित घेतल्यास रुग्ण घरी राहूनही बरा होतो, हा तिचा निष्कर्ष भारतासारख्या खाटांची वाण असलेल्या देशाला फार मोलाचा ठरला. [⟶ क्षयरोग].

धूम्रपानाच्या बाबतीत चिठ्ठ्या टाकणे शक्य नव्हते. रिचर्ड डॉल यांच्यासह हिल यांनी कर्करोगाच्या ७०९ रुग्णांची तेवढ्याच अन्य रुग्णांशी तुलना केली (१९५०). कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे केवळ २ होते. तुलनेच्या गटातील तेवढ्याच पुरुषांत ते २७ होते. १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांनाच त्यांच्या सवयी विचारून त्यांच्या मृत्यूंची नोंद ठेवण्यास आरंभ केला. हा अभ्यास २००१ पर्यंत चालला. या निष्कर्षांना फिशर यांनीच कडवा विरोध केला, हा इतिहासातील एक विपर्यास होय.

सहसंबंधावरून कार्यकारणभाव केव्हा मानावा, याविषयी १९६५ च्या व्याख्यानात हिल यांनी नऊ दृष्टिकोन मांडले. यांतील एकही अपरिहार्य नाही, असे त्यांनी स्पष्ट बजावले असताही पुढे पाठ्यपुस्तकांनी त्यांना ‘निकष’ बनविले.

रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचे ते अध्यक्ष होते (१९५०–५२). १९५४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले व १९६१ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. वैद्यांनी जवळजवळ आशा सोडलेला हा क्षयरोगी वयाच्या ९३ व्या वर्षी निधन पावला.