मंदप्रकाशी छायाचित्रण : मोठ्या पट्टिका व द्रुत पायसे

रात्री, ग्रहणकाळी किंवा अन्य अंधुक प्रकाशात मोठ्या आकाराच्या काचेच्या पट्टिकेवर अथवा सुट्या फिल्मवर (सुमारे १० × १२·५ सेंमी. किंवा त्याहून मोठ्या) छायाचित्र घेण्याचे तंत्र. अशा पट्टिकेवरील चित्र फारसे वर्धित करावे लागत नसल्याने त्यात बारकावे उत्तम उतरतात. परंतु मोठ्या पट्टिकेस लांब केंद्रांतराचे भिंग लागते आणि जवळच्या व दूरच्या वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसाव्यात यासाठी भिंगाचे द्वारक पुष्कळ लहान करावे लागते. परिणामी पट्टिकेवर पोहोचणारा प्रकाश कमी होतो. ही उणीव भरून काढण्यासाठी अधिक वेगवान, म्हणजे थोड्या प्रकाशानेही संस्कारित होणाऱ्या, पायसाचा शोध छायाचित्रणाच्या प्रारंभापासून चालू राहिला. जिलेटिनासारख्या माध्यमात विखुरलेल्या प्रकाशसंवेदी सिल्व्हर लवणाच्या सूक्ष्म स्फटिकांच्या थरास पायस म्हणतात. या शोधाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रसंग विदर्भात, नागपूरच्या परिसरात घडला.

ओल्या व कोरड्या पट्टिका : फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोलोडियन पद्धतीत पट्टिका ओली असतानाच तिचे उद्भासन (तिच्यावर प्रकाश पडू देण्याची क्रिया) व विकासन करावे लागे. पट्टिका काही मिनिटांतच सुकत असल्याने दीर्घ उद्भासन अशक्य होते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छायाचित्रे टेनंट यांनी गुंटूर येथे अशाच पट्टिकांवर घेतली. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनाची कोरडी पट्टिका सुचविली आणि १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी पायस उष्णतेने परिपक्व केल्यास त्याचा वेग पुष्कळ वाढतो, हे दाखविले. कोरडी पट्टिका कितीही वेळ उघडी ठेवता येते, हा तिचा गुण वेगाइतकाच मोलाचा ठरला. १८८० मध्ये हेन्री ड्रेपर यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र ५१ मिनिटांच्या उद्भासनाने मिळविले.

१८९८ चे ग्रहण : २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यापासून ईशान्येकडे महाराष्ट्राच्या आजच्या प्रदेशावरून गेला. विजयदुर्ग येथे नॉर्मन लॉक्यर, सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कँबेल व पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला, पुलगाव येथे न्यूऑल व हिल्स, मुंबई–नागपूर लोहमार्गावरील तळणी येथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे पथक आणि नागपूरजवळील घोगली येथे स्कॉटलंडचे राजज्योतिषी राल्फ कोपलंड यांनी आपापली उपकरणे उभारली होती. मुंबई व पुणे येथे त्या काळी प्लेगची साथ चालू होती. हजारो मैलांचा प्रवास करून आलेल्या या पथकांना प्रत्यक्ष वेधासाठी सुमारे दोन मिनिटांचाच काळ मिळणार होता. पट्टिका, भिंग वा उद्भासनकाल यांची निवड चुकली, तर ती सुधारण्याची संधी नव्हती.

सूर्याचा किरीट म्हणजे त्याचे बाह्य प्रभावलय होय. त्याचा सूर्यबिंबालगतचा भाग पुष्कळ तेजस्वी, तर बाहेरचा भाग अत्यंत क्षीण असतो. जेऊर येथील कँबेल यांच्या कॅमेऱ्याचे केंद्रांतर ४० फूट (सुमारे १२ मी.) आणि भिंगाचा व्यास ५ इंच होता. कोपलंड यांचे उपकरणही ४० फूट केंद्रांतराचे होते. एवढ्या केंद्रांतराने सूर्यबिंबाची प्रतिमाच सुमारे ११ सेंमी. व्यासाची पडते. त्यामुळे मोठ्या पट्टिका लागतात, पण आतील किरीटाची रचना तपशिलाने उमटते. तळणी येथे ॲनी मॉन्डर यांनी याच्या उलट मार्ग घेतला. त्यांच्या लहानशा कॅमेऱ्यात दीड इंच व्यासाचे व ९ इंच केंद्रांतराचे डॅलमायर भिंग होते. केंद्रांतरास व्यासाने भागल्यास कँबेल यांच्या भिंगासाठी ९६, तर मॉन्डर यांच्या भिंगासाठी ६ हा आकडा येतो. विस्तृत वस्तूच्या प्रतिमेची दीप्ती या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने लहान कॅमेऱ्यातील पट्टिकेच्या दर चौरस सेंमी.वर सुमारे २५० पट प्रकाश पडत होता. कोणत्याही पायसाच्या वेगात एवढी वाढ करणे तेव्हा शक्य नव्हते. या कॅमेऱ्याने किरीटाचा सुमारे ६० लाख मैल (सुमारे ९६ लाख किमी.) लांबीचा एक किरण टिपला. तोपर्यंत इतका लांब किरण छायाचित्रात आलेला नव्हता. त्याच ठिकाणी जॉन एव्हरशेड यांनी वर्णगोलाच्या वर्णपटाची छायाचित्रे जंबुपार भागापर्यंत मिळविली. पुढे ते कोडईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. तळणीच्या पथकाचा वृत्तांत ‘द इंडियन एक्लिप्स १८९८’ या नावाने १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

व्युत्क्रमतेचा भंग : प्रकाशाची तीव्रता निम्मी झाल्यास उद्भासनकाल दुप्पट केला की परिणाम तोच राहतो, या नियमास व्युत्क्रमता नियम म्हणतात. मंद प्रकाशात हा नियम पाळला जात नाही. कार्ल श्वार्झशिल्ट यांनी तारकांच्या छायाचित्रांवरून हा भंग मोजला व १९०० च्या सुमारास त्याचे सूत्र मांडले. त्याचे कारण पुढे स्फटिकाच्या अभ्यासातून कळले. विकासनक्षम होण्यासाठी स्फटिकावर सिल्व्हरचे काही अणू एकत्र यावे लागतात. प्रकाशकण फार सावकाश आले, तर पहिला एकाकी अणू दुसरा येण्यापूर्वीच विघटित होतो आणि मिळालेला प्रकाश वाया जातो.

या कारणाने वेष्टनावर छापलेला वेग रात्रीच्या कामात फसवा ठरतो. कोडॅकच्या ट्राय-एक्स ३२० या सुट्या फिल्मसाठी मोजलेले उद्भासन १० सेकंद आल्यास प्रत्यक्षात ५० सेकंद आणि १०० सेकंद आल्यास १,२०० सेकंद द्यावे, असे उत्पादकाच्या तक्त्यात सांगितले आहे. टी-मॅक्स १०० या मंद फिल्मला मात्र १०० सेकंदांच्या जागी २०० सेकंद पुरतात. म्हणजे तिपटीहून थोडा अधिक असलेला वेग बारापट वाढीव उद्भासनात नाहीसा होतो.

वेगवान फिल्म : वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांचा प्रश्न वेगळा होता. त्यांना हातात धरलेल्या कॅमेऱ्याने क्षणार्धात चित्र घ्यावयाचे असे आणि तेथे पायसाचा वेगच निर्णायक होता. ट्राय-एक्स फिल्म १९४० मध्ये प्रथम सुट्या स्वरूपात आली. रोलवरील तिची आवृत्ती १९५४ मध्ये निघाली. पुढे रॉयल-एक्स पॅन ही १,२५० वेगाची सुटी फिल्म निघाली आणि पोलरॉइडच्या तत्काळ चित्र देणाऱ्या ५७ क्रमांकाच्या फिल्मचा वेग ३,००० होता. या दोन्हींचे उत्पादन नंतर थांबले. १९८८ मधील टी-मॅक्स पी ३२०० व १९९८ मधील इल्फर्ड डेल्टा ३२०० या अतिवेगवान फिल्म लहान आकारांतच निघाल्या. इल्फर्डची ४०० वेगाची एचपी ५ प्लस (१९८९) मात्र सुट्या फिल्मच्या रूपातही मिळते.

खगोलीय पट्टिका : ईस्टमन कोडॅकच्या प्रयोगशाळेत मीस यांच्या मार्गदर्शनाखाली दीर्घ उद्भासनासाठी खास पायसे तयार झाली. त्यांच्या क्रमांकापुढील ‘ए’ हे अक्षर या गुणाचे निदर्शक होते. १०३ए ही मालिका त्यांपैकी प्रसिद्ध होय. कालांतराने बारीक कणांच्या, मुळात मंद असलेल्या ३ए-जे पट्टिकांनी तिची जागा घेतली. या पट्टिका नायट्रोजनात वा थोड्या हायड्रोजनमिश्रित नायट्रोजनात तापवून अतिसंवेदी करीत. आर्द्रता व ऑक्सिजन निघून गेल्याने मंद प्रकाशातील त्यांची कार्यक्षमता अनेक पटींनी वाढे. पॅलोमार येथील आकाशाच्या दुसऱ्या सर्वेक्षणात या प्रकारच्या पट्टिका वापरल्या गेल्या.

पुढे वेधशाळांत इलेक्ट्रॉनीय ग्राहकांनी पट्टिकांची जागा घेतली. मोठ्या फिल्मवर रात्रीची चित्रे घेणाऱ्यांसाठी मात्र या इतिहासाचा बोध कायम आहे. कॅमेरा स्थिर व विषय निश्चल असेल, तेथे व्युत्क्रमता टिकविणारे मंद पायस वेगवान पायसाहून सरस ठरू शकते. विषय हलता असेल, तर प्रथम भिंगाचे द्वारक मोठे करावे लागते. पायसाचा वेग त्यानंतरच उपयोगी पडतो.