घोडा गाडीत बसतो तेव्हा

घोड्याने गाडी ओढायची हे आपण लहानपणापासून पाहत आलो. मुंबईची व्हिक्टोरिया, गावाकडचा टांगा. इथे कतारमध्ये मात्र घोडा वातानुकूलित गाडीत उभा राहतो आणि त्याला ओढायला तीनशेहून अधिक अश्वशक्तीची पिकअप लागते. चार घोडे न्यायला तीनशे 'घोडे'! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसलो होतो. नंतर मात्र एका रात्री हा हिशेब कागदावर मांडायची वेळ आली, तेव्हा हसू पळालं.

दोह्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर शहानियाच्या बाजूला एका खाजगी तबेल्यात आमचे एक मामा काम करतात. मूळचे सातारा जिल्ह्यातले. एकदा त्यांचा फोन आला, "साहेब, नवीन ट्रेलर आलाय. ड्रायव्हर म्हणतो जुनीच गाडी ओढंल. मला काय पटंना. मागच्या खेपेला दुसरा ट्रेलर दुखानच्या रस्त्यावर असा झुलला की एक घोडी आत खाली बसली, गुडघे सोलले तिचे. तुम्ही जरा बघता का?"

पण आधी थोडा इतिहास, कारण तो मजेदार आहे.

घोड्याचा प्रवास आणि आपली मुंबई यांचं नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात याच आखातातून, बसरा आणि कुवेतच्या बाजूने, अरबी घोडे गलबतांतून मुंबईला येत. इंग्रजांच्या फौजेला आणि शर्यतीच्या शौकिनांना ते हवे असत. भायखळ्याला तेव्हा शर्यतीचं मैदान होतं, महालक्ष्मीचं 1883 मध्ये आलं. म्हणजे घोडा समुद्र ओलांडायचा बसून, पण जमिनीवर मात्र त्याने चालतच जायचं, हा जगभरचा नियम.

तो नियम गाजावाजा करून मोडला इंग्लंडमध्ये, 1836 साली. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांचा एलिस नावाचा घोडा गुडवुडला होता आणि सेंट लेजरची शर्यत डॉनकास्टरला, सुमारे 400 किलोमीटर दूर. पायी यायला दोनेक आठवडे लागणार. घोडा अजून घरीच आहे म्हटल्यावर त्याच्यावरचा भाव वधारला. बेंटिंकनी एक बंद गाडी बांधून घेतली, तिला सहा घोडे जुंपले आणि तीन दिवसांत एलिसला ताजातवाना पोचवला. एलिस जिंकला! सट्टेवाल्यांचे चेहरे कसे झाले असतील, कल्पना करा.

पुढचा टप्पा अमेरिकेत. 1914 साली डेट्रॉइटमधल्या ऑगस्ट फ्रूहॉफ नावाच्या लोहाराकडे एक लाकडाचा व्यापारी आला. त्याला आपली होडी फोर्डच्या मॉडेल टी मोटारीमागून न्यायची होती. फ्रूहॉफने दोन चाकांची अशी गाडी बनवली की तिचं पुढचं टोक मोटारीवरच टेकलं. नाव दिलं सेमी-ट्रेलर. गंमत बघा, हा माणूस घोडागाड्या बांधून पोट भरत होता, आणि त्याच्या ट्रेलरने मालवाहू घोड्याची नोकरी घालवली.

गूजनेक ट्रेलर हा त्याच कल्पनेचा वंशज. गूज म्हणजे कानात सांगायचं गूज नव्हे, इंग्रजीतला हंस! ट्रेलरची मान हंसासारखी वर जाऊन पिकअपच्या हौद्यात वाकते आणि मागच्या आसाच्या वर, किंवा किंचित पुढे, बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर टेकते. मागच्या बंपरला जोडलेल्या ट्रेलरपेक्षा हा कमी झुलतो. पण त्याची किंमत अशी की ट्रेलरच्या एकूण वजनाचा मोठा हिस्सा, साधारण 15 ते 25 टक्के, थेट पिकअपच्या पाठीवर येतो.

आता मामांचा हिशेब. ट्रेलर रिकामा 2700 किलो. चार अरबी घोडे, प्रत्येकी 425 धरले तर 1700. पाणी, चारा, खोगिरं 300. एकूण 4700. ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, पिकअप जवळपास 5000 किलो ओढते. तो बिचारा खूश. पण ओढणं वेगळं आणि वाहणं वेगळं! 4700 चे 20 टक्के म्हणजे 940 किलो मानेतून हौद्यात येणार. पिकअपच्या दारावरच्या पट्टीवर वहनक्षमता होती 780. त्यात ड्रायव्हर, मामा आणि एक मदतनीस मिळून 230. उरले 550. म्हणजे 390 किलो जास्त. मागचा भाग बसला की मागच्या आसावर आणि टायरांवर क्षमतेपेक्षा जास्त भार येतो, ब्रेक नीट लागत नाही. वर इथला उन्हाळा, 45 अंश. टायर आधीच तापलेले.

"मग दोन-दोन घोडे नेऊ," ड्रायव्हर म्हणाला. मी पुन्हा मांडलं. दोन घोड्यांनिशी 3850, त्याचे 770. तरीही जास्त. नुसत्या रिकाम्या ट्रेलरचेच 540 होत होते! म्हणजे ती पिकअप फार तर रिकामा ट्रेलर मिरवायच्या लायकीची होती.

मला वाटलं होतं मामांना हे समजावून सांगावं लागेल. ते म्हणाले, "आवो, बैलगाडीचंच हाय की हे. वजन मागं गेलं तर गाडी उलाळ होती, बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढं आलं तर जू मानेत रुततं. आधी बैल बघायचा, मग भरायचं." फ्रूहॉफला जे कळलं होतं ते आमच्या मामांना शेतावरच कळलं होतं. फक्त त्यांच्याकडे कोणी विचारलं नव्हतं.

माझा कागद इंग्रजीत लिहून मामांनी मालकापुढे ठेवला. मालक आधी चिडले, मग शांतपणे पट्टी वाचून आले. त्या खेपेला मागे चार चाकांची, एक-टनी म्हणतात ती मोठी पिकअप भाड्याने आली. (हे 'एक टन' नाव जुन्या काळचं, आज ती त्याच्या दुप्पट आणि वरही वाहते.) ट्रेलरचे विजेचे ब्रेकही तपासून घेतले.

दोह्यात अल शकब नावाचं मोठं अश्वकेंद्र आहे, 1992 साली स्थापन झालेलं. 1893 मध्ये शेख जासिम यांनी ऑटोमन फौजेला हरवलं, त्या लढाईशी ही जागा जोडलेली. घोड्याच्या पाठीवर ज्यांचा इतिहास घडला, ते आज घोड्याला पाठीवर घेतात. असो.

त्या संध्याकाळी मामांचा फोन आला. "पोचलो साहेब. घोडी उभीच्या उभी हाय." एवढंच म्हणाले आणि ठेवला.