विल्यम थॉर्नटन आणि अंतराळवैद्यकातील मापनाचा प्रश्न

अंतराळवैद्यकाच्या इतिहासात उड्डाण करणाऱ्यांची नावे ठळकपणे येतात. उपकरणे घडविणाऱ्यांची नावे बहुधा तळटीपेत राहतात. अमेरिकेचे विल्यम थॉर्नटन (१९२९-२०२१) यांनी ही दोन्ही कामे केली. प्रस्तुत लेखात त्यांच्या मापनविषयक कार्याचा परामर्श घेतला आहे.

थॉर्नटन यांनी १९५२ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. हवाई दलातील उपकरण-प्रयोगशाळा व त्यानंतर लॉस एंजेलिस येथील एका कंपनीत मुख्य अभियंतापद असा अनुभव गाठीशी घेऊन ते वैद्यकाकडे वळले आणि १९६३ साली डॉक्टर झाले. आधी अभियंता व मग डॉक्टर, हा क्रम त्यांच्या पुढील कार्यात सतत जाणवतो.

पुन्हा हवाई दलात असताना त्यांनी हाती घेतलेला प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो : वजनरहित अवस्थेत माणसाचे वजन कसे करावे? कक्षेत तराजू आणि स्प्रिंगकाटा दोन्ही निरुपयोगी ठरतात. परंतु हा आकडा हाती नसेल तर शरीराची झीज किती झाली, आहार पुरेसा आहे काय, हे ठरविता येत नाही. थॉर्नटन यांनी वजनाऐवजी वस्तुमान मोजण्याचा मार्ग धरला. स्प्रिंगला जोडलेल्या आसनावर व्यक्तीला घट्ट बांधावयाचे आणि आसन किंचित ओढून सोडावयाचे. ते मागेपुढे झुलू लागते. त्याच्या आंदोलनकालाचा वर्ग वस्तुमानाच्या सम प्रमाणात असतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील या परिचित सूत्रावर आधारलेले आसन १९७३ साली स्कायलॅब या अंतराळस्थानकासोबत कक्षेत गेले.

थॉर्नटन स्वतः मात्र जमिनीवरच होते. १९६७ साली वैज्ञानिक-अंतराळवीर म्हणून निवड होऊनही त्यांना स्कायलॅबवर स्थान मिळाले नाही. १९७२ साली ह्यूस्टन येथे रॉबर्ट क्रिपन व कॅरोल बॉबको यांच्यासह ते ५६ दिवस कमी दाबाच्या बंद कक्षात राहिले. धिप्पाड थॉर्नटन यांच्या जोराने व्यायामाची सायकल मोडली आणि मूत्रसंकलनाची व्यवस्थाही अपुरी ठरली. दोन्ही दोष उड्डाणापूर्वी उघड झाले, हे या चाचणीचे मोठेच फलित म्हणावे लागेल.

स्कायलॅबच्या २८ दिवस राहिलेल्या पहिल्या तुकडीकडे व्यायामासाठी मुख्यतः सायकलच होती. परतल्यावर त्यांच्या पायांचे बळ सुमारे २५ टक्क्यांनी घटलेले आढळले. सायकलने हृदयाला श्रम होतात, पण चालताना पायांवर पडणारा भार पडत नाही, असे थॉर्नटन यांचे निदान होते. तिसऱ्या तुकडीसाठी त्यांनी टेफ्लॉनचा लेप दिलेला साधा पत्रा आणि शरीर खाली ओढून धरणारे रबरी पट्टे सुचविले. मोजे घालून त्या निसरड्या पत्र्यावर चालावयाचे, एवढेच. ८४ दिवस राहूनही या तुकडीच्या पायांची हानी पहिल्या तुकडीपेक्षा कमी ठरली. अर्थात या तुकडीचा एकूण व्यायाम व आहारही वाढविलेला होता. त्यामुळे सारे श्रेय पत्र्याला देता येत नाही.

निवडीनंतर १६ वर्षांनी, ऑगस्ट १९८३ मध्ये, ५४ वर्षांचे थॉर्नटन चॅलेंजर यानातून प्रथम अंतराळात गेले. भारताचा इन्सॅट-१बी हा उपग्रह याच फेरीत सोडण्यात आला. सहकारी त्या कामात असताना थॉर्नटन अंतराळात होणाऱ्या मळमळीच्या नोंदी घेत होते, आणि त्यासाठी लागणारी बरीचशी उपकरणे त्यांनी स्वतःच तयार केली होती.